उसन्या पलंगांची संस्था

माझ्या आत्येभावाचा मला वीट आला आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाला बोल लावते आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नको. मी रंगाचं दुकान चालवते. भिंतीचे रंग, ब्रश, पॉलिशपेपर, टर्पेंटाइन. नफा कमावते आणि त्याची मला लाज वाटत नाही. वाळलेला डबा कुणाच्या गळ्यात मारला नाही, पण मी लोकांचं भलं करते आहे असा आवही कधी आणला नाही. तसा आव आणणाऱ्यांची शिसारी मला घरातल्याच माणसानं आणून दिली.

माझी आत्या नर्स होती. मोठ्या दवाखान्यातल्या पुरुषांच्या वॉर्डात तिनं उभी हयात काढली. बाई तापट, बोलायला फटकळ, आणि हात मात्र असा की झोपलेल्या माणसाची चादर ती त्याची झोप न मोडता बदलायची. ती निवृत्त झाली आणि तिच्या यजमानांनी अंथरूण धरलं. तेव्हा तिनं एक लोखंडी पलंग विकत घेतला. पायथ्याशी हँडल असतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर उचलली जाते, तसला. वर्षभर ते त्या पलंगावर होते. ते गेल्यावर पलंग तिच्या डोळ्यांसमोर नकोसा झाला. गल्लीच्या टोकाला एका ड्रायव्हरची आई मांडीचं हाड मोडून पडली होती. आत्यानं माझ्या वडिलांना हाताशी धरलं, पलंग सुटा केला, हातगाडीवर घातला आणि त्या घरी जोडून दिला.

म्हातारी हिंडूफिरू लागली तेव्हा ड्रायव्हर विचारायला आला, की पलंग कुठे आणून टाकू. आत्या म्हणाली, माझ्याकडे नको, पलीकडच्या आळीत एक मास्तर पडून आहेत, तिकडे पोचव. आणि नुसता टाकून येऊ नकोस, हँडल कसं फिरवायचं, कूस कशी बदलायची, तुला जे जे कळलं ते त्यांच्या सुनेला दाखवून ये. ड्रायव्हरनं मुकाट्यानं तसं केलं, आणि तिथून रीतच पडली. ज्या घरचं काम झालं त्या घरानं पलंग स्वतःच्या हातानं धुऊन पुसून पुढच्या घरी न्यायचा आणि तिथल्या माणसांना शिकवून यायचं. भाडं नाही, अनामत नाही. मोबदला म्हणजे एवढंच.

कधी कधी पलंग घेऊन येणाऱ्याचं माणूस गेलेलं असायचं. तो बिचारा हँडल फिरवून दाखवायचा, पाठीखाली उशी कुठे ठेवायची ते सांगायचा, आणि सांगता सांगता गप्प व्हायचा. नव्या घरची माणसं काही विचारायची नाहीत. पाणी द्यायची, बसवून घ्यायची. मी लहानपणी वडिलांबरोबर हातगाडी ढकलायला जायची, तेव्हा हे पुष्कळदा पाहिलं आहे. पैशानं हे विकत मिळत नाही, हे मला दुकानात बसायला लागल्यावर कळलं.

आत्याचा आणखी एक नियम होता आणि तो ती जिवापाड पाळायची. आजाऱ्याच्या खोलीत जे दिसलं ते उंबऱ्याच्या आत राहिलं पाहिजे. कुणाला कोण आंघोळ घालतं, कुणाच्या चादरीला वास येतो, कुणाची सून तोंड फिरवते, यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये. पलंग कुणाकडे आहे हेसुद्धा देणारा, घेणारा आणि आत्या सोडून कुणाला ठाऊक नसायचं. ती म्हणायची, माणूस पडला की त्याचं सगळं दुसऱ्याच्या हातात जातं, निदान अब्रू तरी त्याच्या हातात राहू दे.

लोक आपल्याकडच्या वस्तू आणून देऊ लागले. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, हवेच्या गाद्या. आत्याच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा एका वकिलानं संस्था नोंदवायचं सुचवलं. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यानं समजावून दिलं, आणि मी शेजारी भाजी निवडत ऐकत होते. बाई, म्हणाला, नोंदणी झाली की ही तुमची राहणार नाही. हिला मालकच नसतो. कार्यकारिणी असते, ती बहुमतानं चालते. काम करणाऱ्याला पगार देता येतो, पण वर्षाअखेरी जे उरेल ते कुणाला वाटून घेता येत नाही, ते परत कामातच घालायचं. आणि उद्या बंद पडली तर पलंग तुमच्या मुलाकडे जाणार नाहीत, असंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यावे लागतील. आत्या हसली. म्हणाली, बरं झालं, घरात भांडणं नकोत.

तिचा हा मुलगा म्हणजे माझा आत्येभाऊ. घरी त्याला सोन्या म्हणतात, आणि पन्नाशीला आला तरी म्हणतात. तो एका मोठ्या शोरूमचा मॅनेजर होता. फ्रिज, टीव्ही, सोफे. शोरूम बुडालं आणि याला एकाएकी समाजाची कळकळ आली. आईच्या संस्थेत पगारी संचालक म्हणून रुजू झाला. कुणी नाक मुरडलं नाही, मीही नाही. मी तोवर कार्यकारिणीवर आले होते, आत्यानंच ओढून आणलं होतं, आणि मला वाटलं होतं की धंदा कळणारा माणूस आला तर शिस्त येईल. एक गोष्ट आत्ताच सांगते: सोन्यानं संस्थेचा एक पैसा खाल्ला नाही. खाल्ला असता तर बरं झालं असतं. चोराला निदान मानगूट धरून बाहेर काढता येतं.

आधी त्यानं गाडी आणली. पलंग पोचवायला गणवेशातली माणसं आली. जुन्या घरानं नव्या घरी जायची रीत त्यानं मोडीत काढली, का, तर लोकांना तोशीस नको. गाडीतली माणसं पलंग जोडायची आणि घाईघाईनं पुढच्या पत्त्यावर निघून जायची. कूस कशी बदलायची हे सांगायला कुणी उरलं नाही. मग पलंगाच्या डोक्याशी देणगीदारांच्या नावाच्या पट्ट्या लागल्या. आजारी माणसाला भेटायला आलेल्यानं आधी नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्याचं नाव वाचायचं, मग माणसाचं तोंड बघायचं. आणि एक दिवस सोन्यानं बैठकीत सांगितलं, की यापुढे पलंग देताना पेशंटचा पलंगावरचा फोटो घ्यायचा. हा तोट्यांचा कारखानदार मोठी देणगी द्यायला तयार आहे, पण त्याला आपला पैसा कुठे जातो ते डोळ्यांनी बघायचं आहे.

आत्या लालबुंद झाली. मी मध्ये पडले, कारण हा विषय माझ्या धंद्याचा होता. मी सोन्याला म्हटलं, माझ्या दुकानात जो पैसे देतो तोच डबा घरी नेतो. रंगाचे पोपडे उडाले तर तो माझ्या तोंडावर डबा आणून आपटतो, म्हणून मी सरळ राहते. इथे पैसे देणारा एक आणि पलंगावर निजणारा दुसरा. निजणाऱ्यानं पैसे दिलेले नाहीत, म्हणून तो तोंड उघडणार नाही. पैसे देणारा त्या पलंगावर कधी निजणार नाही, म्हणून त्याला काही बोचणार नाही. मग तू मर्जी कुणाची राखणार?

सोन्या गोड हसून म्हणाला, दोघांचीही. हे असलं हसू त्यानं शोरूममधून आणलं असावं.

“म्हणजे कारखानदार झाला गिऱ्हाईक,” आत्या म्हणाली. “आणि माझा पेशंट कोण रे? माल?”

सोन्यानं विषय मताला टाकला. हात वर करायला सांगितले तेव्हा आमच्या बाजूनं आत्याचा आणि माझा, असे दोनच वर गेले. आत्या म्हणाली, ही संस्था मी उभी केली आहे. त्यावर खजिनदार, एक सज्जन निवृत्त बँकवाले, मान खाली घालून म्हणाले, की बाई, संस्था कुणाच्या मालकीची नसते हे आम्ही तुमच्याकडूनच ऐकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्या नियमानं सोन्याला संस्था गिळता येत नव्हती, त्याच नियमानं आत्याला ती त्याच्या हातून सोडवता येत नव्हती.

त्यानंतर शिंपी आला. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्याचं दुकान आणि दुकानाच्या मागेच एका खोलीत बिऱ्हाड. बायकोचं अर्धं अंग लुळं पडलेलं, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, आणि पाठीला जखमा धरू लागल्या होत्या. पलंग आणि हवेची गादी तातडीनं हवी होती. ही बाई मला चांगली ठाऊक होती. गल्ल्यावर तीच बसायची, बायकांची मापं तीच घ्यायची. केसाची बट इकडची तिकडे झालेली तिला खपायची नाही. मोठी नीटनेटकी आणि जराशी नखरेल. दुखणं आल्यापासून तिनं खोलीतला आरसा काढून ठेवायला लावला होता. फोटो म्हटल्यावर तिनं मान भिंतीकडे फिरवली.

शिंप्यानं सोन्याच्या नाकदुऱ्या काढल्या. माझा काढा म्हणाला, नुसत्या पलंगाचा काढा म्हणाला. सोन्यानं ऐकलं नाही. लाभार्थी दिसला पाहिजे, म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडात साखरेसारखा विरघळायचा. शेवटी पाठीच्या जखमा बघून शिंप्यानंच बायकोच्या वतीनं होकार देऊन टाकला आणि तिच्यासाठी एक नवा झगा शिवला, सैल बाह्यांचा, पाठीला उघडा, घालायला सोपा. गळ्याला बारीक नक्षी केली होती. असलं काम तो फक्त लग्नाच्या कपड्यांवर करायचा.

गाडी निघाली तेव्हा आत्या हट्टानं बरोबर गेली आणि मला घेऊन गेली. कारखानदाराचं काम म्हणून सोन्या जातीनं आला होता. माणसांनी पलंग जोडला, गादीत हवा भरली. शिंप्यानं बायकोला उचलायला हात घातला तशी ती रडू लागली, आणि चांगल्या हातानं तिनं तोंड झाकून घेतलं. सोन्या मोबाईल धरून उभा होता. तो शिंप्याला हळूच म्हणाला, की तेवढा हात खाली घेता आला तर बघा.

“थांब,” आत्या म्हणाली.

तिनं चपला काढल्या, साडी सावरली आणि सरळ त्या पलंगावर चढून आडवी झाली. चादर गळ्यापर्यंत ओढली. डोळे अर्धे मिटले, तोंड जरा उघडं टाकलं. वॉर्डात तिनं मरणाऱ्या माणसांची तोंडं इतकी बघितली होती की तिला काही शिकवायला नको होतं.

“काढ,” ती म्हणाली. “पेशंट पाहिजे ना तुला? ही घे.”

सोन्या आई, आई करत राहिला. ती हलली नाही. गाडीवाल्यांना पुढे जायचं होतं, ते घड्याळाकडे बघत होते. शेवटी आई उतरावी म्हणून त्यानं फोटो काढला. आत्या खाली उतरली, शिंप्याच्या बायकोला तिनं आणि मी उचलून पलंगावर घेतलं, आणि दार लोटून आत्यानं शिंप्याला कूस बदलायला शिकवलं. परत येताना आम्ही दोघी पोट धरून हसलो. आम्हाला वाटलं, आपण त्याची चांगली जिरवली. इतक्या साध्या होतो आम्ही.

काही महिन्यांनी वार्षिक अहवालाचे गठ्ठे छापखान्यातून आले. मुखपृष्ठावर आत्या. गळ्यापर्यंत चादर, उघडं तोंड, डोक्याशी कारखान्याच्या नावाची पट्टी. खाली ठळक अक्षरात: ‘एका निराधार वृद्धेला मिळाला आधार’.

मी एक प्रत उचलली आणि दुकान तसंच सोडून सोन्याच्या कार्यालयात गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तो मात्र खुशीत होता. तो फोटो लोकांना भिडतोय, म्हणाला, कारखानदारांनी स्वतः फोन केला, त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, ही तुझी आई आहे हे त्यांना माहीत आहे का? तो म्हणाला, त्यांनी तसं विचारलं नाही. मी म्हटलं, ती आता तुझ्या फ्लॅटमध्ये राहते, तुझ्या ताटाशेजारी तिचं ताट असतं, आणि तू तिला निराधार छापलंस. त्यावर त्यानं मला समजावलं, की हे एका व्यक्तीबद्दल नाही, हे प्रतीक आहे. मला त्याच्या टेबलावर ओकारी काढावीशी वाटली.

आत्याला मी प्रत दाखवली. मला वाटलं होतं, ती आकाशपाताळ एक करील. तिनं चष्मा लावला, फोटो लांब धरून पाहिला. चादर नीट खोचली नव्हती गाडीवाल्यांनी, म्हणाली. मग चष्मा काढून ठेवला.

“कार्यक्रमात कारखानदार येणार आहे ना?” तिनं विचारलं. “तिथे सोन्याला सांगावंच लागेल. मी समोर बसलेली असेन. चारचौघांत आईला आई म्हणेलच की तो. आणि एकदा म्हणाला, की हे फोटोचं थोतांड आपोआप संपलं. मला तोंडसुद्धा उघडायला नको.”

तिचा त्याच्यावर अजून भरवसा होता, आणि तो मोडायचं काम मला करायचं नव्हतं. ती त्या दिवसापासून कार्यक्रमाची वाट बघू लागली. धुवायला टाकलेली ठेवणीतली साडी तिनं दोनदा विचारून मागवून घेतली. पलंग, फोटो, बहुमत, हे सगळं तिच्या लेखी आता एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं. पोटचा पोर तिला ओळख देतो की नाही.

कार्यक्रम एका भाड्याच्या सभागृहात झाला. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्च्यांवर लाभार्थी आणून बसवले होते, त्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या. संस्थापक म्हणून आत्याची खुर्ची त्याच रांगेत टोकाला, मी तिच्या मागे. भाषणं झाली. सेवा, समर्पण, तळागाळातला माणूस. या शब्दांचा मला आता वास येतो. मग कारखानदार खाली उतरून एकेकाला ब्लँकेट देऊ लागला. माणूस काही वाईट नव्हता, जरा भाबडाच होता. सोन्या ब्लँकेटांची चळत हातावर घेऊन त्याच्या मागे, आणि त्याच्या मागे फोटोवाला. प्रत्येक ब्लँकेटला दोघंजण कॅमेऱ्याकडे बघायचे, तिसरा सोन्या हसायचा.

आत्यापाशी आल्यावर कारखानदार थबकला. त्याचा चेहरा उजळला. तो वाकला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाला, “आजी, ओळखलं मी तुम्हाला. मुखपृष्ठावर तुम्हीच ना? आता बरं वाटतंय का?”

आत्यानं मान वर करून सोन्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याला फक्त दोन शब्द बोलायचे होते. कारखानदार हसला असता, ओशाळला असता, फार तर रागावला असता. सोन्याच्या ओठांची हालचाल झाली. त्यानं आईकडे बघितलं, मग हातावरच्या ब्लँकेटांकडे, मग कारखानदाराकडे.

“हो सर,” तो म्हणाला. “बरीच सुधारणा आहे. आता उठून बसतात त्या.”

कारखानदारानं ब्लँकेट आत्याच्या मांडीवर ठेवलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे वळला. आत्यानंही वळून पाहिलं. फोटो निघाला. ते पुढच्या माणसाकडे गेल्यावर तिनं ब्लँकेट खुर्चीवर ठेवलं आणि मला म्हणाली, चल. बाहेर आल्यावर म्हणाली, आधी फ्लॅटवर जाऊ, माझे कपडे घेऊ, आणि मग तुझ्याकडे. तिचं सामान एका पिशवीत मावलं. किल्ली तिनं शेजारी दिली.

संध्याकाळी मी दुकानात हिशेब आवरत होते. आत्या आत स्टुलावर बसून रिकाम्या डब्यांची झाकणं लावत होती. सोन्या आला. सूट अंगावर तसाच. आई रागावली का, असं त्यानं मला विचारलं. मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगू लागला, की ती वेळ नव्हती, सगळ्यांसमोर त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं, पुढे कधीतरी सावकाश सांगणारच होतो. आणि आवाज खाली आणून, जणू मला आनंद व्हावा म्हणून, म्हणाला, की पुढच्या वर्षीचंही कबूल केलं आहे त्यांनी, दुप्पट.

आत्या उठून पुढे आली. त्याच्यासमोर उभी राहिली. वॉर्डाच्या दारात वेळ संपल्यावर आलेल्या माणसाशी ती ज्या आवाजात बोलत असेल, त्या शांत आवाजात म्हणाली,

“दुकान बंद झालंय साहेब. रंग हवा असेल तर उद्या या.”

तो आई म्हणाला. आता म्हणाला. आत्यानं शटरच्या कडीला हात घातला, तिला ते एकटीला जड जात होतं, म्हणून मी दुसरी बाजू धरली.